आधी जेवू दे तिला

११ ऑगस्ट

ऋतुजाला जाऊन आठवडा झाला नाही, तोवर तिच्या खोलीत दुसऱ्या पोरीची बॅग येऊन पडली. लातूरच्या क्लबाची योजनाच तशी आहे. आमची लेक वर्षभर त्यांच्या घरी राहणार, त्यांची आमच्या घरी. क्लबाचे दयानंद सर म्हणाले, दोन घरांची अशी सरळ अदलाबदल फार कमी वेळा जुळते. आमची जुळली, कारण दोन्हीकडे शेती, दोन्हीकडे एकुलती एक पोर आणि दोन्हीकडे घरात म्हातारी.

देश लाटविया. यांना ते नाव लक्षात राहत नाही, म्हणून गावात विचारतील त्याला "रशियाच्या अंगाला" असं सांगून मोकळे होतात. पोरगी सतराची. नाव इल्झे. उंच, पांढरीफटक आणि गप्प. सासूबाईंना इल्झे म्हणता येईना. त्या म्हणाल्या इलायची, आणि दुपारपर्यंत अख्खी गल्ली इलायचीला बघायला दारात. पोरीनं एकेकाला हात जोडले. शेवटी मीच दार लोटून घेतलं.

तिला आई नाही. लहानपणीच वारली. घरात बाप आणि बापाची आई. त्या आजीनंच हिला वाढवली. आजीला ती ओमे म्हणते. त्यात ओम आहे म्हणून सासूबाई खूश.

संध्याकाळी खोलीत चहा घेऊन गेले तर उशी ओली. मला बघून तिनं तोंड पुसलं आणि थँक यू म्हणाली. मी मनात म्हटलं, हिला हसवायचं. अंगणवाडीत आजवर इतकी रडकी पोरं शांत केली, ही काय मोठी.

२५ ऑगस्ट

हसणं राहिलं बाजूला, आज ती मोरीत ओकली.

चूक माझी म्हणे. यांचं म्हणणं. मी तिला आग्रह करकरून वाढते. आता आग्रह नको तर काय? पाहुणं माणूस नको म्हणतंच. आपल्यात पहिलं नको हे नको नसतंच, दुसरंही नसतं. ताटावर आडवा हात धरला तर समजायचं की पोट भरत आलंय. ही हात आडवा धरत नाही, नुसती नको म्हणते, मी वाढते, ती बिचारी संपवते. आज बाजरीची तिसरी भाकरी तिच्या जिवावर आली.

हे म्हणाले, "ती नको म्हणली की थांबत जा. त्यांच्यात एकदाच म्हणत्यात."

असेल बाई. पण एकदाच नको म्हणणारं माणूस मला तरी उद्धट वाटतं.

संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन ओमेशी बोलते. ऋतुजानं तिकडे म्हातारीला आपला एक शब्द शिकवलाय. म्हातारी फोन उचलला की आधी विचारते, "जेवलीस का?" सूर भलताच, पण शब्द स्पष्ट. तेवढं ऐकलं की ही पोरगी हसते. दिवसभरात तेवढीच. मी जिन्यात उभी राहून ऐकते. आता इतकं करून हसू त्या म्हातारीच्या वाट्याला, माझ्या नाही.

१२ सप्टेंबर

आज महालक्ष्म्या गेल्या. सासूबाईंनी दहीभाताचा नैवेद्य दाखवून मुखवटे उतरवले. इल्झेनं विचारलं की तीनच दिवस का. सासूबाई म्हणाल्या, माहेरपणाला आलेली लेक किती दिवस ठेवणार. मोकळ्या पाटाकडे बघून मला ऋतुजाची आठवण आली आणि भरून आलं. पोरीनं काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवला. चांगली आहे पोर.

६ ऑक्टोबर

शेजारच्या शेतवाल्या गुरम्माचा नवरा शिवप्पा आज सकाळी सोयाबीन काढता काढता गेला. छातीत कळ आली म्हणून बांधावर बसला, तो बसलाच. त्यांची मुलगी पुण्याला असते. तिला फोन कुणी करायचा, तर मी. गावात असलं काही कळवायचं असलं की मलाच बोलावतात. माझा आवाज हलत नाही म्हणे. खरंच हलत नाही. ही काही शिकवून येणारी गोष्ट नाही.

मी तिला म्हणाले, "बाबा सिरीयस हायत. निघून ये. पण जेवून निघ, माय. वाटंत खायला घे."

तिनं काय झालंय ते विचारलं नाही. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. कळलं तिला. सिरीयस म्हटलं की माणूस गेलं, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही कळतं. माणूस खरंच आजारी असेल तर आपण "ॲडमिट केलंय, काळजीचं न्हाई" म्हणतो. सिरीयस हा शब्द गेलेल्यांसाठी राखून ठेवलाय. पण सरळ "गेले" म्हटलं नाही, तर पोरगी गाडीत बसू शकते, तिकीट काढू शकते, बाजूच्या बाईला बाजूला सरक म्हणू शकते. रडायचं ते घरी, आपल्या माणसांत.

इल्झे माझ्यासोबत होती. आता तिला पुष्कळ मराठी कळतं. परत येताना म्हणाली की ते तर मेले होते, तुम्ही आजारी का सांगितलं? मी समजावलं. सगळं समजावलं. जेवणाच्या ताटावर, प्रवासात, आणि उपाशी पोटी अशी बातमी द्यायची नसते हेही सांगितलं.

मग म्हणाली, "काकू, मला असं नको. मला खरं सांगा."

मी म्हटलं, "बरं बाई. तुला खरं सांगीन."

म्हटलं खरं, पण सतरा वर्षांच्या पोरीला काय कळतंय काय हवं, काय नको.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. ऋतुजाला पार्सल पोचलं. व्हिडिओवर तिला विचारलं, लाडू कसे झाले? तर म्हणाली, कडक झाले होते, दाताला लागले. तोंडावर. आईला. मी म्हटलं, प्रवासात झाले असतील. तर म्हणे, नाही आई, पाक पुढं गेला.

तीन महिन्यांत पोरीची जीभ अशी सुतासारखी सरळ झालीय. तिकडं सगळे तसंच बोलतात म्हणे. जेवढं असतं तेवढंच सांगतात, म्हणजे समोरच्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही. तिला त्याचं फार कौतुक. ओमेच्याच खोलीत झोपते. दोघी मिळून रानातून अळंबी आणतात आणि बरण्या भरतात. ती ओमेबद्दल बोलत होती तेव्हा इल्झे माझ्या खांद्यावरून बघत होती. ऋतुजानं फोन फिरवून म्हातारीला दाखवलं. म्हातारीनं मला विचारलं, "जेवलीस का?" मी हाव म्हटलं. आणखी काय बोलायचं ते दोघींनाही कळेना, मग आम्ही नुसत्या हसलो.

हे म्हणतात लाडू कडकच होते.

१५ डिसेंबर

इल्झे पुन्हा गप्प झालीय. ओमेचा खोकला जात नाही. आवाज बारीक झालाय म्हणते. तिनं बापाला विचारलं, परत येऊ का? म्हातारीनं मध्येच फोन घेऊन तिला झापलं. वर्ष पुरं केल्याशिवाय घरात घेणार नाही म्हणाली. आजीनंच हट्ट करून हिला इकडं पाठवलंय, हे मला आज कळलं. तरुणपणी त्या म्हातारीला कुठंच जाऊ दिलं नव्हतं, म्हणून.

पोरगी विचारत होती की जानेवारीत आठ दिवस जाऊन येता येईल का. मी म्हटलं, थंडीचा खोकला आहे, जाईल. येळवस, आमच्याकडची वेळ अमावस्या, तोंडावर आलीय. एकदा शेतात नेलं, आंबील पाजली, की हिचा चेहरा खुलेल. मी आत्तापासून ज्वारी निवडून ठेवलीय.

३० डिसेंबर, येळवस

शेतात, आंब्याखाली बसून लिहितेय. वही पिशवीत टाकून आणली होती की आज सणाचं काही लिहावं.

सकाळी सगळं कसं छान झालं. यांनी आंबिलीचं मडकं डोक्यावर आणलं. कडब्याची कोप काल करून ठेवली होती, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडले, चुन्याचे पट्टे ओढले. पूजा झाल्यावर इल्झेनं यांच्या मागून सगळ्या पिकाला फेरी घातली. हे आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" म्हणायचे आणि ती मागून "सालम पलगे" ओरडायची. इतक्या मोठ्यानं, की बसलिंगप्पाच्या शेतातली माणसं उठून बघायला लागली. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. आणि ती पोरगी हसली. माझ्याकडं बघून हसली. ऑगस्टपासून ज्याची वाट बघत होते ते हसू.

आम्ही ताटं घेतली आणि माझा फोन वाजला. शेतात फक्त माझ्याच कार्डाला रेंज असते. ऋतुजा. मी उठून बांधावर गेले.

"आई, ओमे सिरीयस हाय. आम्ही दवाखान्यात हाव. इल्झेचा फोन लागंना. तिला म्हणावं लगेच फोन लाव."

मी म्हटलं, "कळालं, माय. तू जेव काहीतरी."

"लगेच, आई."

"हाव. कळालं मला."

गेली म्हातारी. आणि लेकीचा आवाज एवढाही हलला नाही. कशी नीट सांगितली तिनं बातमी, अगदी मी सांगते तशी. परक्या देशात, एकटी. मला रडू आलं, ते म्हातारीसाठी की लेकीच्या कौतुकानं, देव जाणे.

यांना बाजूला घेऊन सांगितलं. हे म्हणाले, सांगून टाक पोरीला. मी म्हटलं, ताटावरून उठवू का तिला? सणाच्या दिवशी, रानात, चार माणसांत? गेलेलं माणूस काही तासाभरानं परत येणार नाही. आधी जेवू दे तिला. हे म्हणाले, "तुझ्या हातचं काम हाय ते. तूच बघ."

मी तिला मिसळ भाज्यांची भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले. तिनं चक्क मागून आंबील घेतली. मला बघवत नव्हतं, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.

मग तिनंच येऊन मागितलं, "काकू, तुमचा फोन द्या. ओमेला आंबील दाखवते."

मी म्हटलं, बॅटरी संपलीय.

ऋतुजाचा दोनदा फोन येऊन गेला होता. रडत असेल, रडं ऐकून हिला कळायचं, म्हणून मी घेतला नाही. आता फोन बंदच करून ठेवलाय. पोरगी तिकडं झोक्यावर बसलीय. सासूबाई तिला झोका देतायत. दिवस मावळला की कडब्याची मशाल, हेंडगा, पेटवून शेताला फिरवतील, तेवढं तिला बघू दे. मग घरी गेल्यावर सांगते.

त्याच दिवशी, रात्री

सांगितलं. आधी बंबात पाणी तापवून ठेवलं, मग तिला न्हाणीजवळ घेऊन गेले. म्हटलं, बाळा, ओमे सिरीयस आहे.

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. मग मराठीत विचारलं, "शिवप्पाकाकांसारखं सिरीयस?"

मी मान हलवली. तिनं कधी म्हणून विचारलं, मी सकाळी म्हणून सांगितलं. पाणी तसंच राहिलं. ती फोन घेऊन गच्चीवर पळाली. वरून तिचा आवाज येतोय. रडू दे मोकळं. पोटात चार घास आहेत, तेवढं बरं केलं मी.

३१ डिसेंबर

इल्झेनं दार उघडलेलं नाही. मी दोनदा चहा ठेवून आले, दोन्ही कप तसेच.

दयानंद सर आले होते. ते तिच्या वडिलांशी फोनवर इंग्रजीतून बोलले. बोलणं झाल्यावर ते आणि हे ओसरीवर बराच वेळ बसले. मला बघून गप्प झाले. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले की म्हातारी काल आपल्या चार-साडेचारच्या सुमारास गेली.

मी म्हटलं, चूक होतेय. मला दुपारी जेवायच्या वेळेला फोन आला. तिकडच्या आणि आपल्या घड्याळात साडेतीन तासांचा फरक असतो, सरांनी तो उलटा धरला असेल. दुसऱ्या बाजूनं धरला की सकाळ येते, म्हणजे माझं बरोबर बसतं. सर म्हणाले, असेल. यांनी काहीच म्हटलं नाही. हे एरवी घड्याळावरून माझ्याशी वाद घातल्याशिवाय राहत नाहीत.

सासूबाई म्हणतात परक्या माणसाचं सुतक आपल्याला नाही, पण त्यांनी स्वतः सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं.

२ जानेवारी

आज ऋतुजाचा फोन आला. तीन दिवस मी लावत होते, ती उचलत नव्हती.

तिनं कशी आहेस विचारलं नाही. म्हणाली, "ओमे बोलत होत्या, आई. हळू, पण बोलत होत्या. दुपारपर्यंत फोन उशीशी ठेवला होता आम्ही. तू उचलला कामून न्हाईस?"

मी म्हटलं, "तूच म्हणलीस की, सिरीयस म्हणून."

"सिरीयस होत्या म्हणून सिरीयस म्हणलं."

मी म्हटलं, अगं, आपल्यात सिरीयस म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही का? ती म्हणाली, ठाऊक होतं, पण त्या वेळी डोक्यातच आलं नाही. तिकडं सगळे आहे तेच बोलतात, तीपण तेच बोलली. मग म्हणाली, "गेल्या असत्या तर लगेच फोन लाव कशाला म्हणलं असतं?"

लगेच. दोनदा म्हणाली होती. मी ते ऐकलं होतं, वहीत लिहिलंसुद्धा आहे. आत्ता मागचं पान काढून बघितलं.

ओमे सकाळपासून इल्झेला विचारत होती. बाप म्हणत होता की शेतात आहे, करेल. ऋतुजा पुन्हा पुन्हा माझा नंबर लावत होती आणि तिकडून बाई सांगत होती की हा फोन बंद आहे. शेवटी म्हातारीनं डोळे मिटून एकदा म्हटलं, जेवत असेल. हे सांगताना ऋतुजाचा आवाज हलला. त्या दिवशी हलला नव्हता, कारण त्या दिवशी रडायचं काही कारणच नव्हतं. मी कौतुक कशाचं केलं!

म्हणजे पोरगी झोक्यावर बसली होती तेव्हा म्हातारी जिवंत होती. तिनं फोन मागितला तेव्हा जिवंत होती.

मी ताट वाढून इल्झेच्या खोलीत गेले. दार उघडं होतं. तिला सगळं आधीच माहीत होतं, बापानं येळवशीच्या रात्रीच सांगितलं होतं. तीन दिवस ती हे धरून माझ्या घरात राहिली, माझ्या हातचं पाणी प्यायली. मला म्हणायचं होतं की मी तुझं वाईट चिंतलं नाही. मी सांगणार होते की मला हसू बघायचं होतं तुझं. तोंडातून निघालं एवढंच, "थोडं जेव."

ती म्हणाली, "नको, काकू."

मी ताट परत आणलं. पहिल्यांदाच पुन्हा विचारलं नाही.

६ जानेवारी

इल्झे गेली. क्लबाच्या गाडीनं हैदराबादला आणि तिथून पुढं. ओमेला तिच्याशिवायच पुरलं होतं. वर्ष अर्धं राहिलं, पण बापानं परत बोलावलं आणि तिलाही थांबायचं नव्हतं.

सासूबाईंच्या पाया पडली. सासूबाईंनी तिचं तोंड कुरवाळून "इलायचे, आता कुणाला झोका देऊ" म्हटलं आणि दोघी रडल्या. सासूबाईंना काय घडलं ते कुणी नीट सांगितलेलं नाही. यांनी सांगू दिलं नाही. मी धपाटे बांधून दिले, तिनं घेतले. मग तिनं मला हात जोडले. पहिल्या दिवशी दारात जमलेल्या गल्लीला जोडले होते, तसेच.

मी गाडी वळेपर्यंत उभी होते. हे म्हणाले, चल आत. मी विचारलं, तुम्हाला त्या दिवशी वाटलं होतं का, की म्हातारी असेल अजून? ते म्हणाले, वाटलं नव्हतं, पण सांगून टाकावं एवढं वाटलं होतं.

मग बोलला का नाही? तर म्हणे, तुझ्यापुढं या कामात कोण बोलणार.

२४ जानेवारी

ऋतुजाला दुसऱ्या घरी ठेवलंय. इल्झे परत आल्यावर दोघींना एका घरात जड जाईल म्हणून, असं दयानंद सर म्हणाले. कुणी रागानं काढलेलं नाही, हेही सरांनी सांगितलं. असं कुणी मुद्दाम सांगितलं की मला उलटच वाटतं. मग आठवतं की तिकडचे लोक असतं तेवढंच सांगतात.

नव्या घरात दोन लहान मुलं आहेत. ऋतुजा आठवड्यातून एकदा फोन करते. विचारलं तेवढंच सांगते.

काल रामकिशनच्या घरी त्याची आई गेली. त्याच्या सोलापूरच्या भावाला कळवायला मला बोलवायला आले. मी म्हटलं, माझा घसा बसलाय.

२० फेब्रुवारी

लातूर. दवाखान्यात.

सासूबाई काल सकाळी गोठ्यात पडल्या. उजवं अंग गेलंय, तोंड वाकडं झालंय, बोलणं जड. डॉक्टर म्हणाले की रात्र निघाली हे चांगलं, पण पुढचं सांगता येत नाही. सकाळी डोळे उघडून त्यांनी यांना ओळखलं. मग इकडंतिकडं बघत राहिल्या. पोरगी, पोरगी, असं म्हणाल्या.

हे म्हणाले, ऋतुजाला लाव फोन. मी फोन घेऊन जिन्यापाशी गेले आणि तिथंच उभी राहिले. "ॲडमिट केलंय, काळजीचं न्हाई" म्हणावं तर ते खोटं. ती संध्याकाळी करते म्हणेल, आणि संध्याकाळचा भरवसा नाही. गेल्या नाहीत, म्हणून गेल्या म्हणता येत नाही. राहिला तो एकच शब्द. इतक्या घरांत इतक्या शांतपणे वापरलेला, आणि आता तो जिभेवर येईना.

शेवटी म्हटलं, "ऋतू, आजी सिरीयस हाय."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

मग तिनं विचारलं, "आई, हाय का गेली? खरं सांग."

मला राग आला नाही. तिनं विचारायलाच हवं होतं. यापुढं आयुष्यभर विचारेल, माझ्याबद्दल कुणी फोन केला तर त्यालाही विचारेल. मी सांगितलं की आहे. पण सांगून काय होतंय, माझ्या सांगण्यावर तिनं का विश्वास ठेवावा? मी धावत आत गेले आणि फोन सासूबाईंच्या डाव्या कानाशी धरला. म्हटलं, बोला आत्या, पोरगी आहे.

सासूबाईंनी खूप वेळ घेतला. ओठ हलले. मग म्हणाल्या, "इलायची? जेवलीस का?"

फोनमधून सगळं ऐकू येत होतं. ऋतुजाचा श्वास ऐकू येत होता. आजीची एकुलती एक नात ती, बारा वर्षं तिच्या कुशीत झोपलेली. आता म्हणेल की आज्जी, मी ऋतुजा. तिची जीभ आता तशी सरळ आहे.

"हाव, आज्जी," ती म्हणाली. "जेवले मी."

सासूबाईंचं वाकडं तोंड थोडं हललं. हसल्या असाव्यात. त्या काहीतरी पुटपुटत राहिल्या आणि ऋतुजा पलीकडून हाव, हाव म्हणत राहिली. स्वतःचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही.

फोनची बॅटरी खरंच संपत आली होती. मी यांना पिशवीतून चार्जर काढायला सांगितला, पलंगामागच्या बटणात लावला आणि फोन तसाच त्यांच्या कानाशी धरून उभी राहिले.